नदीची प्रत कोणीं ठरवावी?

पाण्याची प्रतवारी हा विषय ऐकतांच, तो प्रयोगशाळेंतील रुक्ष आकड्यांचा असणार अशी शंका कित्येक श्रोत्यांच्या मनांत येईल. परंतु प्रत्येक घरांतील गृहिणी ही प्रतवारी रोज करीत असते. पिण्याचा माठ निराळा, वापरण्याची बादली निराळी. भाजी धुतलेलें पाणी कुंड्यांस, आणि धुण्याचें पाणी मोरींत. पाणी एकाच नळाचें, पण हेतु बदलतांच त्याची योग्यताहि बदलते. घरांतला हा विवेक गांवांनीं नदीवर कसा चालविला, आणि पुढें तो कायद्यांत कसा आला, त्याचा थोडासा इतिहास आज सांगावयाचा आहे. हा इतिहास हवेंत राहूं नये म्हणून मीं एक ठराविक स्थळ डोळ्यांपुढें ठेविलें आहे. तें स्थळ म्हणजे शेंद्रा.

छत्रपति संभाजीनगर, म्हणजे २०२३ पूर्वींचें औरंगाबाद, येथून जालन्याच्या रस्त्यानें पूर्वेकडे निघालें म्हणजे चिकलठाणा मागें पडल्यावर शेंद्रा लागतें. चैत्रांत भरणाऱ्या मांगीरबाबाच्या यात्रेमुळें ह्या गांवाचें नांव मराठवाड्यास पूर्वींपासून ठाऊक आहे. गेल्या पंचवीस वर्षांत मात्र तें दुसऱ्याच कारणानें दूरवर पोंचलें. येथें औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत उभी राहिली. २००१ सालीं स्कोडा मोटारींचा कारखाना सुरू झाला. आणि दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यांतील ‘ऑरिक’ ह्या नव्या नगरीच्या मुख्य इमारतीचें उद्घाटन ७ सप्टेंबर २०१९ रोजीं झालें. कारखान्यांस पाणी लागतें, आणि तें येथील ओढ्यांत नाहीं. तें पैठणच्या नाथसागरांतून नळानें आणावें लागतें. चिकलठाणा परिसरांतून वाहणारी सुखना किंवा आसपासचे ओढे हे पावसाळ्यांत वाहतात आणि पुढें कोरडे पडूं लागतात. ज्या नदीकडून कोणी पाणी घेत नाहीं, तिच्याकडे केवळ पाणी टाकण्याची जागा म्हणून पाहण्याचा मोह सहज होतो. म्हणून शेंद्र्यासारख्या ठिकाणीं प्रश्न उभा राहतो तो असा: ही नदी कशासाठीं आहे, आणि तें ठरविणार कोण?

आधीं जुनी रीत पाहूं. नदीकांठच्या गांवीं पाणवठ्यांचा एक क्रम असे. प्रवाहाच्या वरच्या अंगास पिण्याचें पाणी भरावयाचें; त्याखालीं स्नानाचा घाट; त्याखालीं धुणीं; आणि सर्वांत खालीं गुरांची जागा. हा क्रम कोणीं कागदावर लिहिलेला नव्हता, पण त्यामागें एक पक्कें तत्त्व होतें. ज्या उपयोगास सर्वांत निर्मळ पाणी लागतें त्याचा मान पहिला, आणि खालच्या उपयोगानें वरच्यास बाधा येऊं द्यावयाची नाहीं. ह्याच शहरांत त्याचें मोठें उदाहरण आहे. मलिक अंबरानें १६१० सालीं खडकी हें नगर वसविलें तेव्हां खाम नदी शेजारींच होती. तरी नगराच्या पाण्यासाठीं त्यानें उत्तरेकडील डोंगराच्या पायथ्याचें पाणी जमिनीखालून नहरीनें आणविलें. पुढें अठराव्या शतकांत बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यापाशीं पाणचक्की झाली. हर्सूलच्या बाजूनें मातीच्या नळांतून आलेलें पाणी उंचावरून हौदांत पडे; त्याच्या बळावर फकिरांच्या अन्नासाठीं पीठ दळलें जाई; हौदांत मासे पोहत; आणि उरलें-सुरलें पाणी खामेस मिळे. एकच पाणी चार कामें करी, पण त्यांचा क्रम चुकत नसे.

परंतु ह्या जुन्या व्यवस्थेची नुसती स्तुति करून पुढें जाणें सचोटीचें होणार नाहीं. पाणवठ्यांच्या ह्याच क्रमांत दुसरी एक प्रतवारी मिसळलेली होती, आणि ती पाण्याची नसून माणसांची होती. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करावे हा रावबहादुर सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळानें १९२३ सालीं संमत केला. त्यास अनुसरून महाडच्या नगरपालिकेनें १९२४ सालीं चवदार तळें खुलें असल्याचें ठरविलें. तरीहि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांस २० मार्च १९२७ रोजीं हजारों अनुयायांसह तेथें जाऊन तें पाणी प्राशन करावें लागलें, आणि त्यानंतर सनातन्यांनीं पंचगव्यानें तळ्याची ‘शुद्धि’ केली. कोर्टांतील वाद संपून हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूनें लागण्यास १९३७ साल उजाडलें.

महाड दूर आहे असें वाटत असेल, तर शेंद्र्याच्याच जिल्ह्यांतील एक प्रसंग सांगतों. तो बाबासाहेबांनीं स्वतः लिहून ठेविला आहे. १९३४ सालीं ते आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळचीं लेणीं पाहण्यास निघाले असतां वाटेंत दौलताबादच्या किल्ल्यापाशीं उतरले. प्रवासाची धूळ अंगावर होती. दरवाज्याबाहेर पाण्यानें भरलेला हौद होता. त्याच्या पाण्यानें कांहीं जणांनीं तोंड व पाय धुतले. तत्क्षणीं, ह्यांनीं हौद बाटविला अशी हाकाटी झाली. शेवटीं त्यांस आंत जाऊं दिलें, पण किल्ल्यांत कोठेंहि पाण्यास हात लावतां कामा नये ह्या अटीवर. आणि पहाऱ्यास एक सशस्त्र शिपाई बरोबर दिला. त्या हौदांत त्या क्षणीं कोणता पदार्थ किती वाढला, हें कोणीं मोजलें नव्हतें. पाण्याचा निर्णय माणसाकडे पाहून झाला होता. आधुनिक प्रतवारीचा विचार करतांना हा प्रसंग लक्षांत ठेवणें मला अवश्य वाटतें.

कायद्याच्या पुस्तकांत उपयोगाचें तत्त्व प्रथम स्पष्टपणें आढळतें तें १८६० च्या दंडविधानांत. त्याच्या २७७ व्या कलमानें, सार्वजनिक झऱ्याचें किंवा जलाशयाचें पाणी ज्या कामासाठीं नेहमीं वापरलें जातें त्या कामास तें कमी योग्य होईल अशा रीतीनें जाणूनबुजून घाण करणें हा अपराध ठरविला. शब्द नेमके होते, पण न्यायालयांनीं त्यांचा अर्थ संकुचित घेतला, आणि वाहती नदी बाहेरच राहिली. औरंगाबाद तर तेव्हां निजामाच्या राज्यांत होतें, आणि तेथील कायदे निराळे होते. २०२४ सालीं ह्या जुन्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेनें घेतली. माशांविषयींचा पहिला कायदा १८९७ चा; पाण्यांत विष कालवून किंवा सुरुंग उडवून मासे मारण्यास त्यानें बंदी केली.

तथापि ‘कमी योग्य’ म्हणजे किती कमी, हें सांगण्यास माप हवें होतें. तें माप इंग्लंडांतील गिरण्यांनीं नासलेल्या नद्यांवर तयार झालें. १८९८ सालीं तेथें सांडपाण्याविषयीं एक राजकीय आयोग नेमला गेला. त्याच्या १९१२ च्या आठव्या अहवालांत एक साधी कसोटी दिली आहे. नदीचें पाणी बाटलींत बंद करून पांच दिवस ठरलेल्या उष्णतेंत ठेवावें. त्यांतील घाण खाऊन जंतु वाढतात, आणि वाढतांना पाण्यांत विरघळलेला प्राणवायु ओढून घेतात. पांच दिवसांत किती प्राणवायु खर्च झाला तें मोजावें. दर लिटरमागें १ मिलिग्रॅम खर्च झाला तर नदी अतिशय स्वच्छ, २ झाला तर स्वच्छ, ३ झाला तर बऱ्यापैकीं, ५ झाला तर संशयास्पद, आणि १० झाला तर वाईट. हीच ती ‘बी.ओ.डी.’, म्हणजे प्राणवायूची जैविक मागणी. आजहि जगभर नद्यांची परीक्षा हिनेंच होते. दौलताबादचा प्रसंग आठवून मला असें म्हणावेंसें वाटतें, कीं पाणी कोणीं भरलें, कोणीं स्पर्शिलें, हें त्या बाटलीस कळत नाहीं, हा तिचा फार मोठा गुण आहे.

त्याच सुमारास जर्मनींत कोल्कविट्झ आणि मार्सन ह्या दोन शास्त्रज्ञांनीं दुसरा मार्ग काढला. १९०८ व १९०९ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत त्यांनीं वनस्पतींच्या व प्राण्यांच्या याद्या देऊन, कोणता जीव किती घाणींत राहूं शकतो तें दाखविलें. घाण वाढली म्हणजे नाजुक जीव नाहींसे होतात, आणि चिखलांत वळवळणारे तांबडे किडे माजतात. बाटलीची परीक्षा त्या दिवसापुरती असते. कारखान्यानें रात्रीं सोडलेलें पाणी सकाळीं वाहून गेलें तर बाटलीस तें सांपडत नाहीं. तेथेंच राहणाऱ्या जीवांच्या अंगावर मात्र गेल्या कित्येक महिन्यांचा इतिहास लिहिलेला असतो. अमेरिकेनें १९७२ च्या कायद्यांत मासे जगावे व माणसांस पोहतां यावें हें सर्व पाण्यांचें ध्येय ठरविलें, आणि युरोपानें २००० सालीं नदीची योग्यता मुख्यतः तिच्यांतील जीवसृष्टीवरून ठरविण्याचें मान्य केलें.

आपल्याकडे ह्या बाबतींत महाराष्ट्रानें पुढाकार घेतला. जलप्रदूषण प्रतिबंधाचा राज्याचा कायदा १९६९ सालीं झाला आणि ७ सप्टेंबर १९७० रोजीं मंडळ स्थापन झालें. देशाचा कायदा त्यानंतर, म्हणजे १९७४ सालीं, झाला. त्याच्या सतराव्या कलमांत राज्य मंडळाच्या कर्तव्यांत ‘राज्यांतील पाण्याचें वर्गीकरण करणें’ हें कर्तव्य घातलें आहे. महाराष्ट्रानें हा कायदा १९८१ सालीं स्वीकारला. मध्यवर्ती मंडळानें नद्यांसाठीं पांच वर्ग आंखले. अ वर्गाचें पाणी केवळ जंतुनाशक घालून पितां यावें. त्यांत प्राणवायु दर लिटरास निदान ६ मिलिग्रॅम हवा, आणि बी.ओ.डी. २ हून अधिक नको. ब वर्ग स्नानाचा. प्राणवायु ५, बी.ओ.डी. ३. क वर्गाचें पाणी गाळून व रीतसर शुद्ध करून पिण्याचें; प्राणवायु ४, बी.ओ.डी. ३. ड वर्ग मासे व वन्यजीवांचा. प्राणवायु ४, आणि मुक्त अमोनिया १.२ हून कमी. इ वर्ग शेतीचा, कारखान्यांतील यंत्रें थंड करण्याचा व नियंत्रित सांडपाण्याचा. त्यांत क्षार व बोरॉन यांवर मर्यादा आहे, प्राणवायूची अट मुळींच नाहीं. महाराष्ट्राचे स्वतःचे वर्ग चार: पहिले दोन पिण्याचे, तिसरा माशांचा व वन्यजीवांचा, चौथा शेतीचा व उद्योगाचा.

हीं अक्षरें केवळ दप्तरापुरतीं नव्हतीं. २००० सालीं राज्यानें नदी नियमन क्षेत्राचें धोरण काढलें. नदीचा वर्ग जितका वरचा, तितकें कारखान्यानें तिच्यापासून राखावयाचें अंतर अधिक. २००९ सालीं तें सुधारलें, आणि २०१५ सालीं रद्द झालें. एखाद्या ओढ्यास कोणतें अक्षर मिळालें यावर शेजारच्या जमिनीचें भाग्य पंधरा वर्षें अवलंबून होतें. म्हणूनच तें अक्षर कसें ठरतें, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

मूळ नियमांत त्याचें उत्तर दिलेलें आहे, आणि तें फार न्याय्य आहे. एका पाण्याचे अनेक उपयोग होत असतील, तर त्यांपैकीं ज्यास सर्वांत शुद्ध पाणी लागतें तोच त्या पाण्याचा श्रेष्ठ उपयोग समजावा, आणि वर्ग त्यावरून ठरवावा. पाणवठ्याचें जुनें तत्त्व तें हेंच. येथें एक भेद मात्र नीट ध्यानांत घ्यावा. वर्ग हें नदीच्या आजच्या स्थितीचें प्रमाणपत्र नव्हे. ती कशी असावी याविषयींचें तें वचन आहे. हा भेद विसरला कीं विपरीत घडतें. नदी घाण झाली, म्हणून तिला खालचा वर्ग द्यावयाचा. आणि खालचा वर्ग मिळाला, म्हणून तींत आणखी घाण सोडण्यास हरकत नाहीं म्हणावयाचें. रोग्याचें नांव निरोग्यांच्या यादींतून काढलें म्हणजे औषधाचा खर्च वांचला, असा हा हिशेब आहे.

मराठवाड्याच्या कोरड्या नद्यांसाठीं आणखी एक गणित करून पाहिलें पाहिजे. नदींत सोडावयाच्या शुद्ध केलेल्या सांडपाण्याची बी.ओ.डी. ३० मिलिग्रॅमपर्यंत असूं शकते अशी देशाच्या सर्वसाधारण नियमांत मुभा आहे. १९१२ च्या इंग्रज आयोगानें सांडपाण्यास २० ची मर्यादा सुचविली होती, आणि तीहि नदींत निदान आठपट स्वच्छ पाणी मिसळेल असें गृहीत धरून. आतां ३० चें पाणी नदीस मिळून मिश्रण स्नानाच्या ३ ह्या मर्यादेंत यावयाचें, तर वरून येणारें नदीचें पाणी अ वर्गाचें, म्हणजे २ चें, असूनहि तें सत्तावीस पट हवें. वैशाखांत सुखनेच्या पात्रांत सत्तावीस पट कोठून येणार? तेथें एक पटहि नसतें. म्हणजे प्रत्येक कारखान्यानें व नगरानें कायदा अक्षरशः पाळला, तरी उन्हाळ्यांतील ओढा मर्यादेच्या दसपट मलिन राहूं शकेल. दोष लबाडीचाच असतो असें नाहीं; दुसऱ्या देशांतील वाहत्या नद्यांसाठीं केलेलें माप आपण कोरड्या पात्रास लावलें, हाहि दोष आहे. म्हणून अशा प्रदेशांत सांडपाणी पुन्हा वापरणें व नदींत सोडणें टाळणें हाच खरा उपाय ठरतो. शेंद्र्याच्या नव्या नगरीच्या आराखड्यांत पाण्याच्या पुनर्वापराची योजना प्रथमपासून धरलेली आहे ती ह्या दृष्टीनें उचितच म्हटली पाहिजे.

सारें राज्य पाहिलें तरी चित्र समाधानकारक नाहीं. मध्यवर्ती मंडळानें २०१८ सालीं देशांत ३५१ दूषित नदीपट्टे मोजले. त्यांपैकीं ५३ महाराष्ट्रांत. २०२२ च्या अहवालांत देशाचा आकडा ३११ वर उतरला, आपला मात्र ५५ झाला. दोन्ही वेळां महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा. आपल्याकडे तपासणीचीं ठिकाणें पुष्कळ आहेत हें खरें, पण त्याचा दुसरा अर्थ असा कीं जे लहान ओढे तपासलेच जात नाहींत ते कोणत्याच यादींत नाहींत.

आतां माशांविषयीं. पांच वर्गांत माशांचा क्रम चौथा आहे, त्यामुळें त्यांच्या गरजा हलक्या असाव्या असा समज होतो. तो खरा नव्हे. माणूस पाणी उकळून, गाळून घेऊं शकतो. मासा तें आहे तसेंच अंगांतून काढतो. उन्हाळ्यांत ३० अंश उष्णतेच्या स्वच्छ पाण्यांतहि प्राणवायु साडेसात मिलिग्रॅमच्या आसपासच मावतो. त्यांतून थोडा गेला तरी मासा तळमळूं लागतो. मरळ व मागूर हे मासे वर येऊन हवा घेऊं शकतात, म्हणून ते दिसले एवढ्यावरून पाणी चांगलें असें समजूं नये. शिवाय ड वर्गाच्या तक्त्यांत कारखान्यांतून येणाऱ्या जड धातूंचा उल्लेखच नाहीं. औद्योगिक वसाहतीच्या शेजारीं ही उणीव क्षुल्लक नव्हे. महाड तालुक्यांतील वाळणकोंडीच्या डोहांत देवीचे म्हणून मासे कोणी मारीत नाहीं, तेथें लोक त्यांस खाऊं घालतात. त्या गांवकऱ्यांनीं डोहास कोणतें अक्षर दिलें नाहीं, पण त्याचा श्रेष्ठ उपयोग कोणता तें ठरवून टाकलें. नाथसागराचेंहि तसेंच पाहावें. १९७६ सालीं पूर्ण झालेल्या ह्या धरणाचें पाणी शहर पितें, शेंद्र्याचे कारखाने वापरतात, शेतें भिजतात, कोळी जाळें टाकतात, आणि १९८६ पासून तें पक्ष्यांचें अभयारण्यहि आहे. इतके उपयोग ज्या पाण्यावर आहेत, त्याचा वर्ग सर्वांत सोशीक उपयोगावरून ठरवून चालणार नाहीं.

येथें पुन्हा दौलताबादच्या हौदाकडे वळावें लागतें. त्या काळीं माणूस पाहून पाणी बाटलें असें ठरे. आज बाटली निःपक्षपाती आहे. पण बाटली फक्त स्थिति सांगते, उपयोग सांगत नाहीं. तो माणसांनींच मोजावा लागतो, आणि मोजणाऱ्यांच्या नजरेंतून कांहीं माणसें सुटतात. ओढ्यावर कपडे धुणाऱ्या बाया, गुरें पाजणारा गुराखी, डोहांत डुंबणारीं पोरें, पात्रालगतच्या विहिरीचें पाणी पिणारें कुटुंब, ह्यांची नोंद झाली तर तीच नदी ब किंवा क वर्गास पात्र ठरते; नोंद झाली नाहीं तर ती आपोआप इ होते. ज्याचा उपयोग गणला जात नाहीं, त्याच्या वांट्यास खालच्या प्रतीचें पाणी येतें, आणि हें कोणींहि कोणास ‘बाटविलें’ असें न म्हणतां घडतें.

आपण शहरवासी श्रोते ह्या गोष्टींत तिऱ्हाईत नाहीं. आपल्या नळास येणारें पाणी कोणत्या वर्गाचें असावें याविषयीं आपण दक्ष असतों. मोरींतून गेलेलें पाणी कोणाच्या वर्गांत जाऊन पडतें हें विचारीत नाहीं. खामेच्या पुनरुज्जीवनाचें काम महानगरपालिकेनें अलीकडे हातीं घेतलें आहे, त्यावरून ही जाणीव जागी होत आहे असें दिसतें. नदीकांठच्या प्रत्येक ग्रामसभेनें आपल्या पाण्याचे सर्व उपयोग वर्षांतून एकदां लिहून काढावे व ते मंडळाकडे पाठवावे, इतकें झालें तरी प्रतवारीस खरा पाया मिळेल. शेंद्र्याच्या शेजारच्या एखाद्या ओढ्याचा वर्ग ठरविण्याची वेळ येईल तेव्हां, ‘आज पाणी कसें आहे’ हा प्रश्न दुसरा असावा. ‘येथें कोण कोण उतरतें’ हा पहिला. त्याचें उत्तर कांठावरच्या माणसांकडूनच घ्यावें लागेल, आणि माशांच्या वतीनें तें जाणत्या शास्त्रज्ञांस द्यावें लागेल.